ओल्या मातीतली आज्ञा

फार पूर्वी अरुणावती नगरीत एकवीर राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने तिथल्या एका कुंभाराच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव पूर्णक. कुंभाराचा मुलगा राज्याचा अमात्य कसा झाला, हे समजायला त्या नगरीची एक रीत ठाऊक असायला हवी.

अरुणावतीत राजाची आज्ञा ताडपत्रावर लिहीत नसत. ती ओल्या मातीच्या पाटीवर कोरत. राजा स्वतःच्या हाताने तिच्यावर मुद्रा उमटवी आणि मग ती पाटी मुद्राशाळेच्या ओसरीवर, सावलीत, तीन दिवस वाळत ठेवत. पाटी ओली तोवर आज्ञाही ओली. राजाला वाटले तर त्याने यावे आणि अंगठ्याने अक्षरे पुसावीत. का म्हणून कुणी विचारायचे नाही. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळताना पाटी आव्यात जाई. एकदा भाजून निघालेली आज्ञा मग राजालाही पुसता येत नसे, आणि जो ती मोडेल त्याचा उजवा हात तोडत.

ही रीत एकवीराच्या पणजोबाने घातली होती. त्याने रागाच्या भरात सख्ख्या भावाला देशोधडीला लावले होते. राग उतरला तेव्हा भाऊ कुठल्या रानात मेला हेसुद्धा कुणाला सांगता आले नाही. तेव्हापासून पाट्या घडवायचे काम पूर्णकाच्या कुळाकडे आले. जो पाट्या घडवतो त्याला राजाच्या मनात काय चालले आहे हे सगळ्यांआधी कळते, म्हणून पुढे अमात्यपदही त्याच घरात आले.

एकवीर राजा तरुण होता, देखणा होता, आणि त्याचे निर्णय झटपट असत. लोकांना त्याचे फार कौतुक. कौतुक वाटायला कारणही होते. त्याचा बाप इतका विचारी होता की विहीर मागायला आलेला माणूस उत्तराची वाट पाहत तहानलेलाच म्हातारा झाला, असे लोक म्हणत. एकवीराने गादीवर बसल्या बसल्या पहिल्याच दिवशी अकरा विहिरींना होकार दिला. त्यांतल्या चार कोरड्या निघाल्या, पण त्याचे कुणाला काही वाटले नाही. राजा निर्णय घेतो एवढ्यावरच नगरी खूश होती. भाट म्हणत, आमच्या राजाची पापणी लवायच्या आत शत्रूची गादी हलते. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ विचार केला तर काय बिघडेल, असे विचारणारा भाट त्या नगरीत नव्हता.

नगरीच्या वर, सकाळी निघाले तर माध्यान्हीला पोचावे इतक्या अंतरावर, वरुणसर नावाचा मोठा तलाव होता. त्याच्या बांधाच्या पायथ्याशी वेणुग्राम हे बुरुडांचे गाव. तिथे सुपे, टोपल्या, कणग्या विणत. गावाचा कारभार कदंबा नावाची एक म्हातारी पाही. तिची बोटे बांबूच्या कामट्यांनी चिरून चिरून खडबडीत झाली होती आणि जीभही तशीच होती.

एकदा राजाचा लाडका हत्ती चरायला गेला तो परत आला नाही. वेणुग्रामच्या पलीकडच्या रानात तो एका खड्ड्यात मरून पडलेला सापडला. खड्ड्याच्या तळाशी अणकुचीदार सुळके रोवलेले होते. बातमी दरबारात पोचली तेव्हा राजा उभाच होता. तो खालीसुद्धा बसला नाही.

"वेणुग्राम जाळा," तो म्हणाला. "बांबूचं बेटही जाळा. माणसांना सीमेपार हाकला."

कदंबा तोवर गावातली चार माणसे घेऊन दरबाराच्या दारात येऊन उभी होती. ती तिथूनच ओरडली, "राजा, हत्ती आम्ही नाही मारला!"

"मग कोणी मारला?"

"ते ठाऊक असतं तर त्याला कानाला धरून आणला नसता का?"

दरबारात खसखस पिकली. व्याघ्रदत्त नावाचा सेनापती राजाच्या उजव्या हाताला उभा होता. तो म्हणाला, "बघितलंत, महाराज? चोर ते चोर आणि वर उलट बोलतात."

पूर्णकाने मातीचा गोळा पुढे घेतला, थापून पाटी केली, आज्ञा कोरली. राजाने मुद्रा दाबली आणि म्हणाला, "आज मला तुझी सावली नको, पूर्णक. टाक आव्यात."

"ओली पाटी आव्यात टाकली तर फुटते, महाराज. मुद्रेचे तुकडे झालेले चालतील का?"

राजाचे ओठ आवळले गेले. "तीन दिवस. त्याच्यावर एक घटकाही नाही."

सेनापतीला राहवले नाही. "अमात्य, उद्या शत्रू चालून आला तर त्यालाही तीन दिवस ओसरीवर वाळत घालाल का हो?"

आता मात्र सगळा दरबार हसला. पूर्णकही हसला. "शत्रू आला तर पाटी कशाला हवी, सेनापती? तलवार उचलायला माती लागत नाही."

त्या संध्याकाळी कदंबा मुद्राशाळेच्या ओसरीवर त्या पाटीसमोर बसून राहिली. तिला वाचता येत नव्हते. एवढ्याशा मातीत आपले साठ उंबऱ्यांचे गाव मावले आहे, हे तिला पटत नव्हते. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. पूर्णक आला आणि तिच्याशेजारी खाली बसला. तो तिची समजूत काढील असे तिला वाटले. त्याने वेगळेच विचारले.

"आजी, खड्डा तुम्ही पाहिलात?"

"कुठला? शिपाई जवळ जाऊ देत नाहीत."

"मग चला. आपल्याकडे तीन दिवस आहेत. त्यातला एक रडण्यात गेला तर दोनच उरतील."

दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या सुमारास ते बैलगाडीने खड्ड्याशी पोचले. कदंबा काठावर ओणवी झाली, तिने आतले सुळके निरखले आणि ती मोठ्याने हसली. मग मेलेल्या जनावरापुढे हसलो याची तिला लाज वाटली आणि तिने हत्तीला हात जोडले.

"हे खैराचे आहेत," ती म्हणाली. "आम्ही बुरूड. दाराशी बांबूचं बेट सोडून खैर शोधत कोण फिरेल? आणि हे तासलेत बघ कसे, एका घावात. आमच्या गावात असली कुऱ्हाड कुणाकडं नाही. आमचे कोयते बोथट आहेत, बाबा."

राजाचे शिकारी खैराचे सुळके लावतात, हे पूर्णकाला ठाऊक होते. तिसऱ्या दिवशी माध्यान्हीला तो मुख्य शिकाऱ्याच्या दारात उभा राहिला. तो बिचारा कुणी विचारील याचीच वाट पाहत होता. राजाच्या मागच्या शिकारीच्या वेळी रानडुकरांसाठी खड्डा खणला होता, बुजवायचा राहिला.

"मग पहिल्याच दिवशी बोलला का नाहीस?" पूर्णकाने विचारले.

"बोललो असतो तर महाराजांनी पुरतं ऐकून घेतलं असतं का?" शिकारी म्हणाला.

सूर्य कलला तेव्हा राजा ओसरीवर आला. त्याने सगळे ऐकले, आणि अंगठ्याने वेणुग्राम हे नाव पुसले. मग त्याने शिकाऱ्याकडे पाहिले. शिक्षेचा शब्द त्याच्या ओठांवर आला होता. त्याची नजर समोरच्या ओल्या मातीकडे गेली आणि तो एवढेच म्हणाला, "जा. खड्डा बुजव आधी."

दुसऱ्या सकाळी भाटांनी राजाच्या दयाळूपणावर नवे कवन रचले. त्यात अमात्याचे नाव नव्हते, खैराचे नव्हते आणि म्हातारीचे तर नव्हतेच.

कदंबाने मात्र ती गोष्ट मनात धरून ठेवली. तेव्हापासून दर पौर्णिमेला ती वरुणसराच्या काठची चिकणमाती टोपलीत भरून मुद्राशाळेत आणून देऊ लागली.

"आजी, माती माझ्याकडे भरपूर आहे," पूर्णक म्हणे.

"माझ्याकडची नाहीये ना तुझ्याकडं!" असे म्हणून ती टोपली उपडी करी आणि पाणीही न पिता निघून जाई.

नगरीत मात्र पूर्णकाचे नाव ओला अमात्य असे पडले. कुणाचे काम रखडले की लोक म्हणत, ओल्याकडे असेल पडलेले. सेनापतीच्या पंगतीत तर त्याच्या नावावर हसणे हे तोंडीलावण्यासारखे ठरलेले होते. पूर्णकाच्या कानावर ते येई. तो माती मळत राही.

दोन वर्षे गेली. एका सकाळी राजाच्या मनात आले की वरुणसराच्या डाव्या अंगाला, जिथून तलावाचा सांडवा, म्हणजे भरून वाहणाऱ्या पाण्याची वाट, नदीकडे उतरतो त्या हिरव्या उतारावर, सात मजली प्रासाद बांधावा. दुपारपर्यंत पाटीवर मुद्रा उमटली. सांडव्याच्या तोंडाशी भिंत घालावी, असेही तीत लिहिले होते, म्हणजे बागेत पाणी येणार नाही.

ते तीन दिवस पूर्णक रोज राजाकडे गेला. "महाराज, ही तलावाची वाट आहे. पाणी आज तिथे दिसत नाही, म्हणून वाट बुजलेली नाही."

"गेल्या सात वर्षांत सांडवा वाहिला आहे का?" राजाने विचारले.

"नाही."

"मग?"

"आठवं वर्ष यायचं आहे, महाराज."

राजा हसला आणि पाटी पुसायला आला नाही. पाटी आव्यात गेली, भाजून निघाली. भिंत उभी राहिली, तिच्यामागे प्रासाद उभा राहिला. रंगारी आले, मोर आले. आश्विनातल्या पौर्णिमेला गृहप्रवेश ठरला.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता हस्ताचा पाऊस सुरू झाला आणि थांबेचना. पाच दिवस ढगांनी तोंड उघडे ठेवले होते. सहाव्या दिवशी पहाटे कदंबा बांधाच्या पायथ्याशी गेली. बांध थोडा झिरपतोच, त्याचे तिला काही नव्हते. तिचा सगळा जन्म त्या झिरप्याच्या काठी गेला होता. पण ते पाणी नेहमी निवळ असे. आज ते गढूळ होते. तिने ओंजळीत धरून पाहिले. तळाशी माती बसली. बांध आतून विरघळत होता.

भर पावसात ती नगरीत पोचली तेव्हा दरबार आधीच भरलेला होता. नदीकाठच्या गावांचे मुखिये आले होते. पूर्णकही उभा होता. कदंबाने ओल्या पदराची गाठ सोडली आणि आतला गाळ राजासमोर फरशीवर ठेवला.

"हे काय?" राजाने विचारले.

"तुझा बांध," ती म्हणाली.

पूर्णकाने गाळ बोटांत चोळून पाहिला. जन्मभर मातीत हात घातलेल्या माणसाला दुसऱ्यांदा चोळावा लागला नाही. "महाराज, सांडव्यावरची भिंत आत्ता फोडायला हवी. पाणी वाट मिळाली की नदीला जाईल. नाही फोडली तर संध्याकाळपर्यंत बांध जाईल, आणि त्याच्यामागून वेणुग्राम जाईल, खालची दहा गावं जातील आणि नगरीचा अर्धा भाग जाईल."

"आणि माझा प्रासाद?"

"भिंत फोडली तर प्रासाद जाईल, महाराज."

राजा सिंहासनावर बसला. कदंबाने त्याला इतक्या सावकाश बसताना कधी पाहिले नव्हते.

"ज्योतिष्यांना विचारू," तो म्हणाला. ज्योतिषी आले. हस्त उद्या संपतो, असे ते म्हणाले. "मग उद्यापर्यंत थांबता येईल का?" राजाने विचारले. सेनापती म्हणाला, "प्रासाद आपल्या हाताने पाडला तर शेजारचे राजे वर्षभर हसतील, महाराज. मी शंभर माणसं लावतो बांधाला माती टाकायला." कुणी म्हणाले, आधी पाहणीला माणूस धाडावा. कुणी म्हणाले, दोन धाडावेत, म्हणजे एकाचे चुकले तर दुसरा सांगेल. राजा सगळ्यांचे ऐकत होता, गुडघा चोळत होता. बाहेर पाऊस कोसळत होता. ज्या माणसाने माझे घर जाळायचा हुकूम उभ्या उभ्या दिला तो हाच का, हे कदंबाला कळेना.

पूर्णक पुढे झाला. "महाराज, शत्रू आला आहे. तलवार उचला."

राजाने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखे काहीतरी होते. "पण भिंतीची आज्ञा भाजलेली आहे, पूर्णक. ती मलाही पुसता येत नाही. नवी आज्ञा काढायची तर तीन दिवस सावलीत. तुझीच ना रीत?"

सेनापतीने मिशीवर हात फिरवला.

"रीत खरी आहे," पूर्णक शांतपणे म्हणाला. "ती मोडणाऱ्याची शिक्षाही मला ठाऊक आहे, भिंतीची पाटी मीच घडवली होती. मी जातो, महाराज. भिंत मी फोडतो."

राजाने हो म्हटले नाही. नाही म्हटले नाही. पूर्णक मात्र वाट पाहत थांबला नाही.

राजाच्याच पागेतला घोडा गाडीला जुंपून, कदंबाला शेजारी बसवून, तो बांधाकडे निघाला. पोचल्यावर भिंतीला हात लावण्याआधी त्याने वेणुग्रामची माणसे प्रासादात पाठवली. रंगारी, माळी, पहारेकरी, एकूण एक माणूस बाहेर आला. मोर सोडून दिले. एक म्हातारा रंगारी रंगांची गाडगी सोडून येईना, त्याला दोघांनी उचलून आणले. आत कुणी नाही असे तीन जणांनी तीनदा सांगितले, तेव्हाच पूर्णक भिंतीकडे वळला.

भिंतीपाशी एक शिपाई भाला आडवा धरून उभा होता. "अमात्य, आज्ञा?"

"नाही."

"मग मी कसा सोडू?"

कदंबा पुढे झाली. "ए, सुनक्षत्रा! तुझी आई खालच्या गावात राहते ना? कालच माझ्याकडनं सूप घेऊन गेली. बांध फुटला तर ती ते सूप वापरेल असं वाटतं का तुला?"

शिपायाने तिच्याकडे पाहिले, बांधाकडे पाहिले, आणि भाला बाजूला टेकवला. वेणुग्रामची माणसे पहारी, कुदळी घेऊन धावली. पूर्णकाने हात वर केला.

"थांबा. पहिला घाव माझा. मग कायद्याला एकच हात मागता येईल."

त्याने पहार उचलली आणि घातली. दहाव्या घावाला दगड हलला. मग सगळ्यांनी घाव घातले. पाण्याने आधी फटीतून डोकावल्यासारखे केले, आणि मग ते भिंत घेऊनच निघाले. त्याला आपली वाट आठवत होती. बाग गेली, पायऱ्या गेल्या, आणि सात मजल्यांचा प्रासाद गुडघे टेकावेत तसा खाली बसला. दिवे लागायच्या आत तलाव चार हात उतरला. कदंबा पायथ्याशी गेली, तिने ओंजळ भरली. पाणी निवळ होते.

दुसऱ्या दिवशी ऊन पडले. हस्त ओसरल्यावर पडते तसे, चामडी सोलणारे. पूर्णक आपण होऊन दरबारात गेला आणि उभा राहिला. राजाचे डोळे लाल झाले होते.

"भाजलेली आज्ञा मोडणाऱ्याला काय शिक्षा आहे?" त्याने विचारले.

"उजवा हात, महाराज."

"मग लिही."

दुसरा कुणी लिहिणारा नव्हताच. पूर्णकाने कदंबाने आणलेल्या चिकणमातीचा गोळा घेतला, नेहमीइतकीच घोड्याची लीद आणि राख मिसळून मळला, थापला आणि उजव्या हाताने त्याच हाताची शिक्षा कोरली. अक्षरे रोजच्यासारखी सरळ आली. राजाने मुद्रा दाबली. पाटी ओसरीवर गेली.

कुंभाराचा हात गेला म्हणजे काय जाते, हे कामट्या सोलणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको होते. कदंबा त्याच दुपारी ओसरीवर येऊन बसली. सावलीतसुद्धा हवा तापलेली होती. पाटीच्या कडा पांढुरक्या व्हायला लागल्या होत्या. तिने तांब्यात पदराचे टोक बुडवले आणि पाटीवर हलकेच पिळले.

"आजी, हे काय?" पूर्णकाने विचारले.

"मातीला तहान लागलीय."

"ही रीत नव्हे."

"पाणी घालू नये अशी रीत आहे का?"

पूर्णकाने थोडा विचार केला. त्याला खोटे बोलता येत नव्हते. "तशीही नाही. पण आजी, माझा हात असा वाचायला नको. वाचायचा तर राजाच्या मनातून वाचला पाहिजे."

"मी कुठं काय पुसतेय?" कदंबा म्हणाली. "पुसायचं त्यानं. मी फक्त त्याला वेळ देतेय. माझ्या गावाला तू तेवढंच दिलं होतंस."

पूर्णक आत गेला आणि माती मळत बसला.

संध्याकाळी सुनक्षत्र शिपाई आला. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि ओंजळभर पाणी शिंपडून गेला. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. मुख्य शिकारी आला. तो म्हातारा रंगारी आला; आपली गाडगी वाहून गेली म्हणून पूर्णकाला दोन शिव्या देऊन, मग त्याने कुंचल्याने पाणी सोडले, कडेकडेने, अक्षर न मोडता. खालच्या दहा गावांची माणसे आली, नावाडी आले, आणि ज्यांनी पूर्णकाला ओला अमात्य म्हणून नाव ठेवले होते तेही आले. एक जण कदंबाला म्हणाला, "आजी, आमचा अमात्य ओलाच राहू दे." कदंबाने त्याला हसू दिले नाही. "गप. पाणी घाल आणि हो पुढं," ती म्हणाली, पण तिचाच पदर डोळ्यांना लागला.

तिसऱ्या दिवशी सूर्य कलला. आवा पेटला. सेनापती व्याघ्रदत्त शिपाई घेऊन आला आणि पाटी उचलायला त्याने हात घातला. त्याची चार बोटे मातीत रुतली.

"हा कट आहे!" तो ओरडला. "तीन दिवसांत पाटी वाळली नाही? कुणी केलं हे?"

"मी केलं," कदंबा म्हणाली.

"मी केलं," सुनक्षत्र म्हणाला. मग ओसरीच्या पायऱ्यांवरून, अंगणातून, रस्त्यावरून तेच ऐकू येऊ लागले, आणि सेनापती कुणाकुणाकडे बघावे या गोंधळात उभा राहिला.

गर्दी बाजूला झाली. राजा पायी आला होता. त्याच्या पायांना घोट्यापर्यंत चिखल होता. तो पाटीजवळ आला, पण आधी कदंबाच्या समोर बसला.

"आज मी बांधावर गेलो होतो," तो म्हणाला. "एकटाच. पायथ्याशी माती खचून खळगा पडला आहे. बैल आत जाईल एवढा. तिथून तुझं गाव दिसलं. चुली पेटल्या होत्या. म्हातारे, तुझं घर जाळायला मला किती वेळ लागला होता?"

"पापणी लवायच्या आत सांगितलंस, राजा."

"आणि माझं घर सोडायला?"

"बसूनच राहिलास, राजा. सोडलं असं म्हणालाच नाहीस."

राजाने अंगठा पाटीवर ठेवला आणि अक्षरे पुसली. एक एक अक्षर, शेवटपर्यंत. माती दह्यासारखी मऊ होती. मग त्याच चिखलाच्या हाताने त्याने पूर्णकाचा उजवा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"तुला घाबरट म्हणावं की धाडसी, हे मला अजून कळत नाही," तो म्हणाला.

"मला दोन्ही येत नाही, महाराज. झालेलं पुसता येईल का, एवढं मी पाहतो. वेणुग्राम जळालं असतं तर पुसता आलं नसतं, म्हणून थांबलो. माणसं बुडाली असती तर पुसता आलं नसतं, म्हणून थांबलो नाही. प्रासाद काय, पुन्हा बांधता येईल."

"तिथे नको," राजा म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू आले. "आण माती. लिही. सांडव्याच्या वाटेत कुणीही काही बांधू नये. राजानेही." त्याने मुद्रा दाबली आणि मागे पेटलेल्या आव्याकडे पाहिले. "ही तरी आज भाजायची ना?"

"तीन दिवस, महाराज," पूर्णक म्हणाला.

राजा खळखळून हसला. मग सगळे हसले. कदंबाने तांब्यातले उरलेले पाणी पिऊन टाकले. या पाटीला ते लागणार नव्हते.

भिक्षूंना धर्म शिकवणाऱ्या शास्त्याने ही कथा सांगितली ती नदीकाठच्या एका गणराज्यात, विहाराच्या अंगणात. गणाचा पुढारी धडाडीचा असावा की सावध, यावरून तिथली सभा दोन गटांत फुटली होती आणि भांडत भांडत विहारापर्यंत आली होती. कथा संपली. अंगण झाडता झाडता मेखला नावाची वृद्ध उपासिका तिथेच खाली बसली होती. या कुंभाराबुरुडांच्या कथेत माझे काय होते म्हणून मला एवढे भरून यावे, असे ती शेजारणीला विचारत होती.

शास्ता म्हणाला, "भिक्षूंनो, सभाजनांनो, तेव्हाचा सेनापती व्याघ्रदत्त म्हणजे आज सभेत सर्वांत मोठ्याने बोलणारा चंडक. एकवीर राजा म्हणजे हा गणप्रमुख सुजात. तेव्हा तो चुकला, पण वेळ मिळाल्यावर त्याने आपली चूक स्वतःच्या अंगठ्याने पुसली, हे विसरू नका. अरुणावतीची माणसे म्हणजे तुम्ही सगळे. मातीवर पाणी शिंपडणारी कदंबा म्हणजे ही मेखला. आणि पूर्णक कुंभार म्हणजे मीच होतो. त्या जन्मात वाचलेल्या माझ्या उजव्या हाताचे मी या बाईचे देणे लागतो."

असे म्हणून त्याने मेखलेकडे पाहून हात जोडले. त्या जन्मी बोधिसत्त्वाने पूर्ण केलेली पारमिता ती प्रज्ञापारमिता, म्हणजे प्रज्ञेची परिपूर्णता, होय. आणि ज्या गुणाने त्या प्रज्ञेला ओल पुरवली, तो गुण म्हणजे कृतज्ञता.